बाईंचा पासपोर्ट : दक्षिण कोरियातील इंग्रजी शिक्षकाच्या निवडीचे एक प्रकरण

या प्रकरणातील शिक्षिकेचे नाव मी देत नाही; तिचे विद्यार्थी तिला जे म्हणतात तेच, म्हणजे 'बाई', मीही म्हणणार आहे. बाई पुण्याच्या. शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजीत एम.ए. केले, त्यानंतर इंग्रजी अध्यापन पद्धती घेऊन बी.एड. केले आणि पुढची अकरा वर्षे एका अनुदानित शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवले. पुण्याच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्यासाठी आलेल्या एका कोरियन अभियंत्याच्या दोन मुलांना बाई शाळा सुटल्यावर घरी जाऊन इंग्रजी शिकवत असत. हे दोन वर्षे चालले. वडिलांची परत सोलला बदली झाली तेव्हा मुलांच्या आईने बाईंना मनापासून सांगितले की तुम्ही कोरियात शिकवायला या, तिथे इंग्रजीच्या शिक्षकांना फार मागणी आहे. मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात असल्यामुळे बाई कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आल्या, आणि त्यानंतरच्या सुमारे आठ महिन्यांत जे घडले ते मला जवळून पाहता आले.

नियम काय म्हणतो

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला भाषा शिकवायची असेल तर सामान्यतः ई-२ नावाचा व्हिसा लागतो. त्याची मुख्य अट अशी की शिक्षक, ती भाषा ज्या देशाची मातृभाषा आहे अशा देशाचा नागरिक असावा. मातृभाषा माणसाला असते, देशाला कशी असते, हा प्रश्न या वाक्यात कोणाला पडलेला दिसत नाही. इंग्रजीपुरते असे देश सात ठरलेले आहेत : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी कोणत्याही देशाचा पासपोर्ट आणि कोणत्याही विषयाची पदवी असली की व्हिसाच्या दृष्टीने शैक्षणिक पात्रता पूर्ण होते. पदवी रसायनशास्त्राची आहे की हॉटेल व्यवस्थापनाची, याला महत्त्व नाही. सरकारी शाळांसाठी १९९५ पासून चालणाऱ्या एपिक योजनेत अध्यापनाचे छोटे प्रमाणपत्र किंवा शिक्षणशास्त्राची पदवीही मागतात, पण खासगी शिकवणी वर्गांना, ज्यांना तिथे हाग्वन म्हणतात, तेवढेही लागत नाही.

भारताचा प्रश्न थोडा निराळा आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात ७ ऑगस्ट २००९ रोजी व्यापक आर्थिक भागीदारी करार झाला आणि तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. मोटारींचे सुटे भाग, पोलाद आणि जकातीचे दर यांच्या गर्दीत त्यात सेवा-व्यापाराची एक तरतूद आली, आणि तिच्या आधारे भारतीय नागरिकाला कोरियातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट मिळाली. अटी दोन : पदवी हवी, आणि इंग्रजी विषयाचा शिक्षक-परवाना हवा. ही वाट फक्त शाळांपर्यंत जाते. हाग्वनपर्यंत ती जात नाही.

'सहायक' हा शब्द वाचून बाईंचा चेहरा उतरला होता, म्हणून इथे एक खुलासा केला पाहिजे. कोरियन सरकारी शाळांत सातही देशांचे शिक्षक सहायक म्हणूनच काम करतात. वर्गाची जबाबदारी कोरियन शिक्षकाकडे असते आणि दोघे मिळून तास घेतात. तेव्हा या शब्दात भारतीयांपुरता अपमान नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. सात देशांच्या माणसाला आपण शिक्षक आहोत हे सिद्ध करावे लागत नाही. भारतीयाला करावे लागते.

माझे मत असे की या दोन नियमांपैकी भारतीयांसाठी केलेला नियम अधिक शहाणपणाचा आहे. शिकवण्यासाठी माणूस घ्यायचा तर त्याला शिकवता येते का, हे तो विचारतो. मुख्य नियम ते विचारतच नाही. गंमत अशी की अपवादात योग्य प्रश्न विचारला गेला तो विश्वास कमी होता म्हणून, आणि ज्यांच्यावर विश्वास होता त्यांना तो विचारावा असे कोणाला वाटले नाही.

सात देशांची यादी

या यादीमागचा तर्क भाषिक असेल असे गृहीत धरले तर ती फार लवकर डळमळते. दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्या घरात प्रथम इंग्रजी बोलली जाते अशांचे प्रमाण तिथल्या जनगणनेत दहा टक्क्यांहून कमी भरते. तिथे झुलू आणि खोसा या इंग्रजीपेक्षा मोठ्या घरगुती भाषा आहेत. त्यामुळेच दक्षिण आफ्रिकेच्या आणि कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेकच्या उमेदवारांकडून आपले शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे यादी करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की पासपोर्टावरून भाषा कळत नाही आणि शाळेतले शिक्षण हा पुरावा चालू शकतो. मग तोच पुरावा केनियाच्या, सिंगापूरच्या किंवा जमैकाच्या माणसाकडून का चालू नये, याचे उत्तर यादीत सापडत नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा नोंदवणारे सुमारे २ लाख ६० हजार होते, आणि ती दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून वापरणारे कोट्यवधी. पण 'देशाची मातृभाषा' या मोजपट्टीवर दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत.

फिलिपिन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. हजारो कोरियन विद्यार्थी आणि नोकरदार इंग्रजी शिकण्यासाठी सेबू आणि बागियो या शहरांतील निवासी वर्गांत जातात, कारण ते जवळ आहे, स्वस्त आहे आणि दिवसभर एकास एक शिक्षक मिळतो. ज्यांना जाणे जमत नाही ते फोनवरून फिलिपिनो शिक्षकाकडे शिकतात. रोज दहा-वीस मिनिटांच्या अशा फोनवरच्या इंग्रजीचा कोरियात मोठा धंदा आहे. मात्र हाच शिक्षक इंचॉनच्या विमानतळावर उतरून तेच इंग्रजी समोरासमोर शिकवू म्हणाला, तर त्याच्या पासपोर्टावर ई-२ मिळत नाही. सेबूत जो सक्षम आहे, फोनवर जो सक्षम आहे, तो वर्गात उभा राहिला की अक्षम ठरतो.

'वनॉमिन' आणि ओरेंजी

कोरियन भाषेत मातृभाषक शिक्षकासाठी शब्द आहे 'वनॉमिन'. त्याचे घटक वेगळे केले तर अर्थ होतो मूळ-भाषा-जन. हाग्वनच्या पाट्यांवर, पत्रकांवर आणि पालकांच्या बोलण्यात तो सतत येतो. मूळ जन म्हटल्यावर बाकीचे सगळे आपोआप उसने जन ठरतात, आणि त्या उसन्यांत पहिला नंबर स्वतः कोरियन शिक्षकांचा लागतो.

कोरियातील सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीचा कायम शिक्षक होणे सोपे नाही. शिक्षणशास्त्राची पात्रता आणि त्यावर कमालीच्या चुरशीची निवड परीक्षा. तिच्यासाठी अनेक जण पदवीनंतर वर्षानुवर्षे अभ्यास करतात. तरीही त्यांच्याविषयीचे ठरीव मत असे की यांचे व्याकरण पक्के, बोलणे कच्चे. उलट वनॉमिन मोकळा, हसरा, खेळ घेणारा, पण अभ्यासात फार गंभीर नसलेला. सामाजिक मानसशास्त्रात सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ठरीव मतांचे जे प्रारूप मांडले, त्यात माणसे दुसऱ्यांना आपुलकी आणि क्षमता या दोन मापांवर मोजतात आणि बहुतेक वेळा एक माप वर गेले की दुसरे खाली जाते, असे म्हटले आहे. हाग्वनचे कोणतेही पत्रक उघडावे, हीच वाटणी छापलेली दिसते.

उच्चाराचा हा ध्यास राजकारणापर्यंत गेला होता. जानेवारी २००८ मध्ये नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांच्या सत्तांतर समितीच्या अध्यक्षा ली क्युंग-सुक यांनी इंग्रजी शिक्षणावरील बैठकीत सांगितले की अमेरिकेत आपण 'ओरेंजी' मागितले तर कोणाला कळले नाही, 'ऑरिंजी' म्हटल्यावर कळले. तेव्हा संत्र्याचे कोरियन लेखनच बदलायला हवे. देशभर थट्टा झाली. इतर विषयही इंग्रजीतून शिकवण्याची त्या वेळची कल्पना थोड्याच दिवसांत गुंडाळली गेली, पण 'ऑरिंजी' हा शब्द टोमणा म्हणून उरला. यात हसण्यासारखे असले तरी दुखणे खरे आहे. वार्षिक प्रवेश परीक्षेत, जिला सुनुंग म्हणतात, इंग्रजीचा श्रवणभाग चालू असताना देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणी थांबवली जातात. मुलांच्या इंग्रजीसाठी बायको-मुलांना परदेशी पाठवून स्वतः एकटे राहून पैसे धाडणाऱ्या वडिलांना तिथे 'किरॉगी आप्पा' म्हणतात, म्हणजे हंस-बाप. (बापाला आप्पा म्हणणे आपल्याला काही परके नाही.) जिथे एका भाषेवर एवढे पणाला लागलेले असते, तिथे पालक धोका पत्करत नाहीत आणि ओळखीच्या चेहऱ्याला पैसे मोजतात. मला ते चुकीचे वाटते, पण ते मूर्खपणाचे आहे असे मी म्हणणार नाही.

ठरीव मत मात्र एकाच बाजूला टोचत नाही. ज्यांना पासपोर्टावर आत घेतले, त्यांच्याकडे पात्रता नाही, चारित्र्याचा भरवसा नाही, असा संशयही त्याच समाजात वाढला. २००७ च्या अखेरीस ई-२ धारकांसाठी अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. वंशाने कोरियन असलेल्या परदेशी शिक्षकांना ती लागू नव्हती. उल्सान शहरातील न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दुसऱ्यांदा चाचणी द्यायला नकार दिला, तिचा करार वाढवला गेला नाही, आणि वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रसंघीय समितीने २०१५ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. एचआयव्ही चाचणीची अट २०१७ मध्ये गेली. शिक्षकाची पारख वर्गात न करता पासपोर्टावर केली की मग उरलेली भीती प्रयोगशाळेत तपासावी लागते.

बाईंचा पाठ

आता बाईंच्या क्षमतेविषयी. मी त्यांच्याकडून नमुना पाठ करून घेतला आणि त्याचे चित्रीकरण केले, कारण अर्जाबरोबर पाठ-टाचण लागते आणि मुलाखतीत शिकवण्याविषयी विचारतात. पाठ होता 'पॅन' आणि 'फॅन' यांतील फरकाचा. कोरियन भाषेत इंग्रजी 'एफ' नाही. तिथे 'कॉफी'चा उच्चार आपल्या 'खॉफी'च्या जवळ जातो आणि त्यातला 'फ' हा आपला जुना 'फ' असतो, ओठ मिटून श्वास सोडलेला. बाईंनी वर्तमानपत्राची एक चिंचोळी पट्टी तोंडासमोर धरली. 'प' म्हटला, पट्टी हलली नाही. 'फूल'मधला 'फ' म्हटला, पट्टी उडाली. मग वरचे दात खालच्या ओठावर टेकवून 'एफ' म्हटला, आणि पट्टी नुसती थरथरत राहिली. कोरियनमध्ये आग, गवत आणि शिंग यांचे शब्द केवळ पहिल्या ओष्ठ्य व्यंजनाने वेगळे होतात, हे बाईंना त्या दोन मुलांनी शिकवले होते, आणि प-फ-ब वेगळे ऐकण्याची सवय मराठी कानाला असल्यामुळे तो फरक त्यांनी लवकर पकडला होता. इंग्रजीत 'पिन'मधला 'प' श्वास सोडून आणि 'स्पिन'मधला न सोडता म्हटला जातो, पण हे इंग्रजी मातृभाषकाला कोणी दाखवेपर्यंत जाणवत नाही. त्याला ते वेगळे करावे लागत नाहीत, म्हणून ऐकू येत नाहीत.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बाई 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांना एकाच 'व'त बसवतात. शब्दातील आघात त्यांच्याकडून कित्येकदा चुकीच्या अक्षरावर पडतो, 'डेव्हलप'मध्ये तो पहिल्यावर येतो. त्यांच्या बोलण्यात 'टुडे इटसेल्फ' आणि 'आय ॲम हॅविंग अ डाउट' आहे. सुनुंगचा श्रवणभाग अमेरिकी वळणाचा असतो, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना ध्वनिफितींची जोड द्यावी लागेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले. हंगेरीच्या पीटर मेद्येश यांनी १९९२ मध्ये विचारलेला प्रश्न, मातृभाषक आणि अमातृभाषक शिक्षकांत अधिक मोलाचा कोण, याला त्यांनी स्वतः दिलेले उत्तर असे होते की दोघांची बलस्थाने निराळी आहेत. ज्याने भाषा कष्टाने मिळवली त्याला वाटेतले खड्डे माहीत असतात. वनॉमिनच्या बाजूने कोरियात एक युक्तिवाद नेहमी होतो : त्याला कोरियन येत नाही, म्हणून मुलांना इंग्रजी बोलावेच लागते. युक्तिवाद बरोबर आहे. बाईंनाही कोरियन येत नव्हते.

उत्तरे

बाईंनी पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालतील अशी सरकारी शिक्क्याने साक्षांकित करून घेतली, पोलीस चारित्र्य दाखला काढला आणि शिक्षक पाठवणाऱ्या पाच मध्यस्थ संस्थांना लिहिले. तिघांनी सात देशांची यादी पाठवून दिलगिरी व्यक्त केली. कराराच्या तरतुदीचा उल्लेख केल्यावर दोघांनी उत्तर देणे थांबवले आणि तिसऱ्याने लिहिले की तरतूद आहे, पण आमच्या शाळा ती वापरत नाहीत. चौथ्या संस्थेने मोठ्या आकाराचा रंगीत फोटो मागवला आणि त्यानंतर काही कळवले नाही. पाचव्या संस्थेने दहा मिनिटांची दृक्‌श्राव्य मुलाखत घेतली. मी शेजारच्या खोलीत होतो. प्रश्न होते : घरी कोणती भाषा बोलता, शाळा कोणत्या माध्यमात झाली, आणि उच्चार थोडा अमेरिकी करता येईल का. पाठाचे चित्रीकरण पाहायला पाचांपैकी कोणीही मागितले नाही.

फोटोविषयी एक प्रयोग इथे सांगणे भाग आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातील डॉनल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६२ विद्यार्थ्यांना छोटे व्याख्यान ऐकवले. आवाज एकाच अमेरिकी मातृभाषक स्त्रीचा होता, समोर ठेवलेला फोटो मात्र काहींना गोऱ्या स्त्रीचा आणि काहींना आशियाई स्त्रीचा दाखवला होता. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परकी ढब ऐकू आली, आणि ऐकलेले समजण्यातही ते कमी पडले. म्हणजे बाईंचा 'व' उद्या सुधारला तरी चेहऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

या सगळ्यात बाई केवळ सोसणाऱ्या नव्हत्या, हेही नोंदवायला हवे. फिलिपिनो शिक्षकांचा विषय निघाला तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "त्यांच्यापेक्षा आपले इंग्रजी नक्कीच बरे." एखाद्या फिलिपिनो शिक्षकाला शिकवताना ऐकले आहे का, असे मी विचारले, ऐकलेले नव्हते. आणि 'शाळा कोणत्या माध्यमात' हा प्रश्न त्यांना सोलहून पहिल्यांदा आला असेही नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने त्यांना मुलाखतीत हेच विचारले होते, आणि त्या जागी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, बी.एड. नसलेल्या उमेदवाराला घेतले होते. आदर्श इंग्रजी शिक्षक म्हणजे मातृभाषक, हे सूत्र १९६१ च्या युगांडातील मकरेरे परिषदेत मांडले गेले आणि रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये त्याला भ्रम म्हटले. पण परिषदा आणि त्यांचे टीकाकार यांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हे काम 'बाईंचे इंग्लिश फाडफाड आहे का' या एका प्रश्नावर भागत आले आहे.

सध्याची स्थिती

बाई पुण्यातच आहेत आणि त्यांच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. सोलला परतलेल्या दोन मुलांपैकी धाकटा आता अकरा वर्षांचा आहे. आठवड्यातून चार दिवस तो एका हाग्वनमध्ये कॅनडाच्या शिक्षकाकडे जातो, आणि दोन दिवस, आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा तिथल्या नऊ वाजता, तो संगणकावर बाईंसमोर बसतो. मागच्या महिन्यात तो 'द' आणि 'अ' कुठे लावायचे हे विचारत होता. हाग्वनच्या शिक्षकाने त्याला सांगितले होते की कानाला जे बरे वाटेल ते म्हण. त्याच्या कानाला दोन्ही सारखेच वाटत होते, कारण कोरियन भाषेत अशी उपपदे नाहीत. मराठीतही नाहीत; बाईंनी ती सातवीत नियम पाठ करून शिकली होती आणि त्यानंतर अकरा वर्षे फळ्यावर शिकवली होती. त्यांनी कागदावर तीन कुत्री काढली, मग तिघांपैकी एकाभोवती गोल काढला, आणि विचारले की आता मी कोणत्या कुत्र्याविषयी बोलते आहे ते तुला माहीत आहे की नाही. अर्ध्या तासात त्याला बरेचसे जमले.

हा तास संपवताना मुलाने हसत सांगितले की आई मैत्रिणींना हाग्वनचे नाव आणि वनॉमिनचा देश सांगते. बाईंच्या तासाला ती 'घरचा अभ्यास' म्हणते.